लातूरमध्ये समुपदेशनाचं स्वतःचं केंद्र काढायचं म्हणता, तर आधी दुसऱ्या भेटीचं बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. झालंय, लातूरच्या एका क्लासच्या हॉस्टेलवर तीन वर्षं काउन्सेलर म्हणून नोकरी केलीय, पगार 22,000. आता नोकरी सोडून स्वतःचं केंद्र काढायचंय. जागा कुठे घ्यावी, फी किती ठेवावी, इन्स्टाग्रामवर जाहिरात केली तर क्लायंट येतील का? आणि घरचे म्हणतात, "लातुरात नुसतं बोलायला कोण पैसे देणार?" त्यांना काय सांगायचं?

मी नांदेडला बरीच वर्षं हेच काम करते. परभणी, हिंगोली, देगलूर, मुखेड इकडून लोक येतात. तुमच्या प्रश्नात "क्लायंट येतील का" हे तीनदा आलंय. येतील. कुणी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, कुणी सगळे उपाय करून थकला म्हणून, कुणी सून किंवा पोरगं "सुधरवून" मिळेल या आशेने येईल. आपल्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचा तुटवडा नाही. तोच माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येतो का, यावर केंद्र चालतं किंवा बंद पडतं. जागा, फी, जाहिरात या सगळ्याचं उत्तर मी याच अंगाने देणार आहे. तुमच्या घरी दुसरं कमावणारं कुणी आहे का, घर स्वतःचं आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा माझे आकडे तुमच्या घराला लावून बघा.

आधी हिशोब. समजा भाडं 7,000, वीज-इन्व्हर्टर-इंटरनेट 2,000, महिन्यातून एकदा वरिष्ठांकडून सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामाची त्यांच्याशी चर्चा, 3,000, झाडलोट आणि किरकोळ 1,500. झाले 13,500. त्यात तुमचा आत्ताचा पगार मिळवा, म्हणजे घराला आज आहे तितकंच मिळावं म्हणून 35,500 लागतात. फी 600 धरली तर महिन्याला साधारण 60 भेटी व्हायला हव्यात. येतो म्हणून न येणारे धरले तर 75 ते 80 जणांना वेळ द्यावी लागेल. आता बघा, एक माणूस सरासरी तीनदाच येत असेल तर 60 भेटींसाठी दर महिन्याला 20 नवे लोक लागतात. तोच सहा वेळा आला तर 10 पुरतात. 20 नवे लोक दर महिन्याला आणायचे म्हणजे रोज रील टाका, पॅम्प्लेट वाटा, कार्यक्रमात भाषणं करा. 10 लोक चार-पाच डॉक्टरांच्या ओळखीवर येतात. म्हणून म्हणते, जाहिरातीचा खर्च नंतर बघू.

आणि म्हणूनच नोकरी एकदम सोडू नका. क्लासवाल्यांशी बोलून अर्धवेळ करता आली तर करा. संध्याकाळी आणि रविवारी स्वतःचं काम सुरू करा. 60 भेटींपर्यंत जायला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. तेवढा काळ घरातल्यांनी तोंड पाडून बसू नये असं वाटत असेल तर सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा. नोकरी सोडण्याआधी नियुक्तीपत्र नीट वाचा. तिथल्या मुलांना "माझ्या केंद्रावर या" असं सांगणं करारातही बसत नसेल आणि धंद्याच्या नीतीतही बसत नाही. जी मुलं सध्या तुमच्याकडे बोलतात त्यांना पुढे कोण बघणार हे ठरवून, सांगून निघा.

आता लोक दुसऱ्यांदा का येत नाहीत ते बोलू, कारण खरी गोम तिथे आहे.

उदगीरहून आई सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली आहे असं समजा. दार लागलं की आईच सुरू होते: "मॅडम, पोरगं आधी असं नव्हतं. दहावीला पंच्याण्णव टक्के. आता बोलंना झालंय, जेवंना झालंय. बाहेरचं काही असंल म्हणून तेही बघून झालं." पोरगं चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत बसलेलं. अशा वेळी बहुतेक नवे काउन्सेलर तासभर आईचं ऐकतात, मग मुलाला दोन प्रश्न विचारतात, शेवटी दोघांना समजावून सांगतात. आई म्हणते, छान बोलल्या मॅडम. आणि परत येत नाही. का? तिने सहाशे रुपये दिले, दोन वेळचं एसटीचं तिकीट काढलं, शेतातला एक दिवस मोडला, आणि हातात काय घेऊन गेली? डॉक्टरकडून निघताना चिठ्ठी असते, गोळ्यांची पुडी असते. इथून ती रिकाम्या हाताने गेली. घरी नवऱ्याने विचारलं, "काय म्हणल्या?" तर तिला सांगता येत नाही.

माझी पद्धत अशी. आईला दहा मिनिटं, तीही मुलासमोर. मग तिला बाहेर बसवते, पण बसवण्याआधी दोघांना एकदमच सांगते की मुलगा जे बोलेल ते मी तुम्हाला सांगणार नाही. त्याच्या जिवाला धोका वाटला किंवा कुणी त्याला त्रास देतंय असं कळलं तर मात्र गप्प राहणार नाही. हे आईच्या तोंडावर बोललं की मुलगा पहिल्यांदा मान वर करतो. मग अर्धा तास तो एकटा. शेवटची दहा मिनिटं पुन्हा तिघं. आणि जाताना एक कागद. लेटरहेडवर, हाताने, मराठीत, पाच-सहा ओळी: आज काय समोर आलं, याला अंदाजे किती भेटी लागतील, पुढच्या भेटीपर्यंत मुलाने काय करायचं, आईने काय करायचं, आणि काय करायचं नाही. "रोज रात्री अभ्यासाचा हिशोब विचारू नये" असं कागदावर लिहिलं की वडीलसुद्धा मानतात. तेच मी तोंडी सांगितलं असतं तर अहमदपूरच्या पुढे पोचलं नसतं. कागदावर काय जाईल हे अर्थातच मुलाला विचारून. निदानाचं नाव त्यात घालत नाही, कारण तो कागद पुढे कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

किती भेटी लागतील हे पहिल्याच दिवशी सांगा, असं मी ज्याला त्याला सांगते. "बघू, लागतील तेवढ्या" म्हटलं की माणसाला मीटर चालू असलेल्या रिक्षात बसल्यासारखं वाटतं. "सहा वेळा या, चौथ्या वेळी आपण बघू फरक आहे का" म्हटलं की तो मनात पैशाची आणि वेळेची सोय लावतो. उदासी मोजणारी पीएचक्यू-9 आणि चिंता मोजणारी जीएडी-7 या प्रश्नावल्या मोफत वापरता येतात. पहिल्या आणि चौथ्या भेटीत भरून घेतल्या तर फरक तुम्हालाही दिसतो, त्यांनाही दिसतो. फक्त पीएचक्यूचा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यावर शून्याच्या वर काहीही आलं तर कागद बाजूला ठेवा आणि तिथेच, स्पष्ट शब्दांत विचारा. आपल्याकडे यातला एक प्रश्न कधी सोडू नका: घरात फवारणीचं औषध कुठे ठेवलंय? सोयाबीन-कापसाच्या घरात ते बहुतेक वेळा हाताशीच असतं, खोलीच्या कोपऱ्यात किंवा गोठ्यात. घरच्यांना फोन लावून ते त्याच दिवशी कुलपात किंवा भावकीतल्या दुसऱ्या घरी हलवायला सांगा. आत्महत्येचा झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो. तेवढ्या वेळात हाताला काही लागलं नाही तर माणूस वाचतो. घरचे "पोलीस केस होईल" म्हणून दवाखाना लपवतात. त्यांना सांगा की 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 प्रमाणे प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं 309 कलम 2024 पासून लागू झालेल्या न्याय संहितेत आलेलंच नाही.

तुमचे बहुतेक क्लायंट अकरावी-बारावीचे, म्हणजे अठराच्या आतले असणार. तेव्हा मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा पाठच हवा. 2012 च्या या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. हॉस्टेलवर संस्थेच्या आडोशाला होतात, आता सही तुमची एकटीची असेल. एका वकिलाशी आधीच बोलून ठेवा, प्रसंग उभा राहिल्यावर शोधाशोध करू नका.

जागा. तुम्ही औसा रोडला तळमजल्यावरचा दर्शनी गाळा बघितलाय म्हणता. मी घेणार नाही. चहाच्या टपरीसमोर मोठा बोर्ड, आणि खाली "समुपदेशन": तिथे पाऊल टाकणारा माणूस आधी चारी बाजूला बघेल आणि पुढे निघून जाईल. जिथे खाली पॅथॉलॉजी लॅब किंवा दाताचा दवाखाना आहे, त्याच्यावरचा मजला बघा. तो जिना चढणारा माणूस कुठे चाललाय हे कुणाला कळत नाही. भाडंही दर्शनी गाळ्याहून कमी पडतं. बोर्ड छोटा, तुमचं नाव आणि "समुपदेशन केंद्र" एवढंच. नावापुढे "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" लावायचं तर त्यासाठीचं शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते, नुसत्या एम.ए.वर ते लावू नका, कुणी आग्रह केला तरी. तुमच्यासारख्या समुपदेशकांसाठी 2021 चा संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा आहे. त्याखालच्या नोंदणीवर लक्ष ठेवा.

खोलीत एक गोष्ट स्वतः तपासा. आतल्या खोलीत मोबाइलवर बातम्या लावा, आवाज माणूस बोलतो तेवढा ठेवा, दार लावा आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसा. शब्द कळले तर ती खोली चालणार नाही. प्लायवूडच्या पार्टिशनची जागा बघितलीत तर हे शंभर टक्के होणार. बाहेर जुना कूलर किंवा पंखा घरघरत ठेवला तर बराच आवाज दबतो. उन्हाळ्यात तो लागतोच. बाक दारापासून लांब ठेवा, नाहीतर आई कान लावणार, आणि त्यात तिचा दोष नाही. इन्व्हर्टर पहिल्या दिवसापासून हवा. रडणाऱ्या माणसाच्या मधोमध लाइट गेली की तो गप्प होतो आणि परत तिथे येत नाही.

दोन भेटींमध्ये पंधरा मिनिटं मोकळी ठेवा. टिपण लिहायला ती लागतातच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे निघणारा आणि येणारा जिन्यात समोरासमोर येऊ नये. आपल्याकडे ते दोघे हमखास सोयरे निघतात! त्याच कारणाने मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगते: लग्नात, बाजारात भेटलो तर मी आधी बोलणार नाही, तुम्ही बोललात तर बोलेन. जवळच्या पाहुण्यांना मी घेत नाही, दुसऱ्याचं नाव सुचवते. त्यावरून रुसवे होतात, होऊ द्यायचे.

फीचं तुम्ही विचारलंत. 600 हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला. लातुरात 500 ते 800 च्या दरम्यान कुठेही बसू शकता. पहिली भेट फुकट ठेवू नका. फुकट भेटीला माणूस तपासायला येतो, बोलायला येत नाही. सवलतीच्या जागा मात्र ठरवून ठेवा, दहात दोन, आणि त्या भरल्या की भरल्या. तोंड बघून कमी-जास्त करायला लागलात की महिनाअखेरीला तुमचाच चेहरा उतरतो. ज्याला तेवढंही परवडत नाही त्याला मोकळं सोडू नका: लातुरात आणि अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. दुसऱ्या भेटीपासून निम्मी फी आधी फोन-पे करायला लावा. न येणाऱ्यांचं प्रमाण यानेच कमी होतं, आठवणीच्या मेसेजने फारसं होत नाही.

"नुसतं बोलायला कोण पैसे देणार" याचं उत्तर घरच्यांना तोंडी देऊ नका. ज्याला छातीत धडधडतंय, घाम फुटतोय, "आता मरतो" असं वाटतंय, त्याने तीन वेळा ईसीजी काढलाय, इको केलाय, एकदा सोलापूरला जाऊन आलाय. हजारो रुपये गेलेत आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. हा माणूस पैसे देतो. तो तुमच्याकडे एमडी फिजिशियनच्या सांगण्यावरून येतो, म्हणून तुमची खरी जाहिरात त्या फिजिशियनच्या केबिनमध्ये आहे. तसेच त्वचारोगवाले, बालरोगवाले, स्त्रीरोगवाले. त्यांना भेटायला जाल तेव्हा ओपीडी संपल्यावर जा, पाच मिनिटांत सांगा की कोणता पेशंट मी घेते आणि कोणता घेत नाही. दुसरा भाग जास्त लक्षात राहतो. पेशंट आल्यावर, त्याची परवानगी घेऊन, डॉक्टरांना चार ओळींची चिठ्ठी पाठवा: आले होते, अमुक काम सुरू आहे, इतक्या भेटी ठरल्यात. खासगी तपशील काही नाही. डॉक्टर त्या चिठ्ठीमुळे पुढचा पेशंट पाठवतात. कुणी "आमचं काय?" असं सुचवलं तर हसून विषय संपवा. पेशंट पाठवण्याचं कमिशन देणं-घेणं डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेतच निषिद्ध आहे. आणि एकदा दिलात की तुमच्याकडे गरज नसलेले लोक येऊ लागतात, ते दुसऱ्यांदा येत नाहीत.

एका मानसोपचारतज्ज्ञाशी पक्कं नातं ही चैन नाही, गरज आहे. कानात आवाज येतात म्हणणारा, चार-चार रात्री न झोपता भरभर बोलणारा, बाळंतपणानंतर बाळाबद्दल भलतंसलतं बोलू लागलेली, अशांना त्याच दिवशी पाठवा. रोज पिणारा माणूस "उद्यापासून बंद" म्हणाला तर शाबासकी देऊन घरी धाडू नका. एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो, ते औषधाखालीच करायचं असतं.

इन्स्टाग्राम वाईट नाही, पण त्यावर क्लायंटची गोष्ट कधीही टाकू नका, नाव बदलूनही नाही. "प्राध्यापकांची मुलगी, नीटचा दुसरा ड्रॉप" (म्हणजे मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेसाठी दुसऱ्यांदा वर्ष थांबलेली) एवढ्यावर लातूरच्या क्लासेसच्या भागातले निम्मे लोक ओळखतात कोण ती. झोप, परीक्षेची धास्ती, आई-वडिलांनी काय बोलू नये, असं सर्वसाधारण टाका. त्यातून लगेच कुणी येत नाही. डॉक्टरांनी नाव सुचवल्यावर लोक तुमचा चेहरा तिथे बघून घेतात, तेवढाच उपयोग.

वाढीसाठी दोन वाटा तुमच्याजवळ आहेत ज्या नांदेडला मला इतक्या सहज मिळाल्या नाहीत. पहिली म्हणजे क्लासेस. जुलै 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रकरणात मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने प्रशिक्षित समुपदेशक ठेवायचा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचं. लातुरात 60-70 मुलांचे क्लास किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांना पूर्णवेळ माणूस परवडत नाही, आठवड्याचे तीन तास परवडतात. फक्त करारात एक ओळ लिहून घ्या: कोण आलं, काय बोललं हे संचालकांना सांगितलं जाणार नाही, महिन्याला फक्त आकडा मिळेल. या ओळीवर जो संचालक अडतो त्याच्याकडे काम घेऊ नका, मुलंही तिथे बोलणार नाहीत.

दुसरी वाट पुण्याची. लातूर-उदगीर-निलंग्याची पोरं हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत आहेत, पगार चांगला, आणि मनातलं आपल्या बोलीत बोलायला तिथे कुणी नाही. त्यांच्यासाठी ऑनलाइन वेळ रात्री साडेआठ-नऊला ठेवा. आधी विचारा, खोलीत आणखी कोण आहे? रूममेट असेल तर पोरगं गच्चीवर जातं, आणि गच्चीवर हलक्या आवाजात फार खोल काही निघत नाही. त्या दिवशी हलकं काम करा. ऑनलाइन क्लायंटचा पत्ता आणि घरच्या एकाचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

पैशाला आपल्याकडे हंगाम असतो. नीट मेच्या सुरुवातीला होते, त्याआधी दोन महिने खोली भरलेली, नंतर निकालापर्यंत शांतता, जूनमध्ये निकाल लागला की पुन्हा रांग. शेतकरी घरं सोयाबीन विकल्यावर, दिवाळीच्या आसपास हात सैल सोडतात. जुलै-ऑगस्टमध्ये पेरणी-खतात पैसा अडकलेला असतो, तेव्हा भेटी लांबतात. त्यामुळे फक्त परीक्षेवर केंद्र उभं करू नका. नवरा-बायकोची भांडणं, बाळंतपणानंतरची उदासी, नोकरदारांची झोप हे बारमाही आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात: मोजकीच माणसं असतील तर 2017 च्या महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणी नाही, ऑनलाइन सूचना द्यायची असते. व्यवसाय कराचं नावनोंदणी प्रमाणपत्र, वर्षाला 2,500 रुपये. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तोवर जीएसटीची नोंदणी नाही. बाकी सीएला विचारा. कामाचा मोबाइल नंबर वेगळा ठेवा, त्यात नावं आजारासकट सेव्ह करू नका, टिपणं कुलपात. आणि घटस्फोटाच्या केससाठी "हिला मानसिक आजार आहे" असं लिहून द्या म्हणत कुणी पाच हजार टेबलवर ठेवले तर? पहिल्या सहा महिन्यांत कुणीतरी ठेवणारच. पैसे परत द्या, कोर्टाने मागितलं तर सरकारी रुग्णालयातून तपासणी होते असं सांगा, आणि त्या दिवसाची नोंद तारीख घालून वहीत करा.